रिकाम्या गाडीचे दणके

अण्णा कामावर निघाले की आई त्यांच्या हातात पंचा द्यायची. खांद्यावर टाकायला नव्हे. त्याची लांबट घडी करायची, पोट आत ओढायचं, कमरेभोवती दोन वेढे द्यायचे, गाठ बाजूला मारायची आणि वरून शर्ट घालायचा. कॉटन ग्रीनच्या आमच्या खोलीत हे पहाटे चारच्या सुमाराला चालायचं आणि मी अंथरुणातून बघत असायचो. पैलवान लंगोट कसतात तसा हा ड्रायव्हर लोकांचा काही रिवाज असेल, असं मला वाटायचं. एकदा विचारलंच. म्हणाले, "भरून जाताना नाही रे लागत. रिकामी येताना लागतो."

या वाक्याचा अर्थ कळायला मला वीस वर्षं लागली.

अण्णांनी ३१ वर्षं ट्रक चालवला. गोदीतून माल भरायचा आणि भिवंडी, कळंबोली, कधी थेट कोल्हापूर. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि आता कळंबोलीत एका वाहतूक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांची देखभाल बघतो. दिवसभर पाटे (म्हणजे गाडीचं वजन पेलणारी लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), बुश, यू बोल्ट आणि टायरची झीज. आमच्याकडे गाडीबद्दल बोलणं निघालं की ते अ‍ॅव्हरेजवर जातं, पासिंगवर जातं, किती टन ओढते यावर जातं. ती चालवणाऱ्याच्या पाठीला कशी लागते, हा प्रश्न मी मीटिंगमध्ये आजवर ऐकलेला नाही. आणि ते बरंचसं ठरतं एक्सलवरून, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरून. किती एक्सल, कुठे बसवलेले, एकमेकांना कसे बांधलेले, आणि त्यातल्या कोणत्या एक्सलच्या डोक्यावर माणूस बसलाय.

ट्रकच्या केबिनमध्ये ज्यांनी कधी पाय ठेवला नाही त्यांनी एसटीचं शेवटचं बाकडं आठवावं. खड्डा आला की तिथली माणसं सीटवरून वीतभर उडतात, पिशव्या खाली येतात, आणि मधल्या सीटवरची आजी मात्र तोंडावर पदर घेऊन झोपलेली असते. गाडी एकच, खड्डाही एकच. गाडीचा सांगाडा म्हणजे दोन आधारांवर ठेवलेली लांब फळी. पुढचा आधार उचलला गेला की पुढचं टोक पूर्ण उचललं जातं, मागचा उचलला की मागचं. मध्ये बसलेल्याच्या वाट्याला प्रत्येक वेळी निम्माच झोका येतो. शेवटचं बाकडं तर मागच्या एक्सलच्याही मागे लोंबत असतं, म्हणून तिथे आधाराच्या हालचालीपेक्षाही जास्त.

आता हाच हिशोब ट्रकला लावून बघा. टाटांनी १९५४ मध्ये डेमलर-बेंझबरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली, ते ट्रक नाकवाले होते. इंजिन पुढे, बॉनेटखाली, आणि ड्रायव्हर त्याच्या मागे. म्हणजे पुढच्या एक्सलच्या मागे, फळीच्या मधल्या भागाकडे सरकलेला. अण्णांची पहिली गाडी अशीच नाकाची होती. पुढे सपाट तोंडाच्या गाड्या आल्या. त्यांचा फायदा उघड आहे: तेवढ्याच लांबीच्या गाडीत हौदा मोठा मिळतो, आणि रे रोडच्या गल्ल्यांमध्ये वळायला सोपं जातं. पण नाक गेलं तेव्हा ड्रायव्हर मधून उठून टोकाला आला, पुढच्या एक्सलच्या बरोबर डोक्यावर. शिवाय बसला उंचावर. गाडी पुढे-मागे डोलते तेव्हा जमिनीजवळच्या माणसाला ती फक्त वर-खाली जाणवते. दोन मीटरहून उंच बसलेल्याचं डोकं मात्र घड्याळाच्या लंबकासारखं पुढे-मागे फेकलं जातं. ड्रायव्हर लोक पाठीआधी मानेची तक्रार करतात, त्यामागे हे आहे.

सहा टायरच्या गाडीला दोन एक्सल. पुढच्याला दोन टायर, मागच्याला चार. केंद्र सरकारने २०१८ मध्ये एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हा चार टायरच्या एका एक्सलला १०.२ टनांवरून ११.५ टन झाले आणि दोन एक्सलच्या गाडीचं पासिंग, म्हणजे मालासकट एकूण वजनाची मर्यादा, १६.२ वरून १८.५ टनांवर गेलं. एवढं वजन एका एक्सलवर येणार म्हटल्यावर त्याचे पाटे कडकच हवेत. इंजिनची ताकद चाकांना देणारा मागचाच एक्सल, म्हणजे त्याच्या पोटात गोळा (गिअरचा डिफरन्शियल), हाउसिंग, शाफ्ट. हे सगळं वजन पाट्यांच्या खाली. पाट्याच्या वरच्या वजनाला पाटा सांभाळतो. खालच्या वजनाला सांभाळायला फक्त टायरमधली हवा, आणि ट्रकच्या टायरमध्ये हवा शंभर पीएसआयच्या वरच असते. खड्ड्यात आपटून हे लोखंड उसळी मारतं तेव्हा वरच्या चासीला, म्हणजे सांगाड्याला, खालून घण बसल्यासारखं होतं.

दहा टायरच्या गाडीत, ज्याला आमच्याकडे सरसकट टोरस म्हणतात, मागे दोन एक्सल जवळजवळ असतात. दोन्हींत अंतर जेमतेम १.३५ ते १.४ मीटर. हे दोन एक्सल तराजूच्या दांडीसारखे एकमेकांना बांधलेले असले, की फार सुंदर गोष्ट घडते. एक चाक १० सेंटिमीटरच्या खड्ड्यात उतरलं तर दांडीचं एक टोक १० सेंटिमीटर खाली जातं, दुसरं जागेवर राहतं, आणि दांडीचा मध्य, जिथे गाडीचं वजन टेकलेलं आहे, तो फक्त ५ सेंटिमीटर खाली जातो. ताशी ६० किलोमीटरला दुसरं चाक ०.०८ सेकंदात त्याच खड्ड्यावर येतं. म्हणजे एका मोठ्या दणक्याच्या जागी लागोपाठ दोन निम्मे दणके. टिपरला तर पाट्यांचा अख्खा गठ्ठा उलटा करून मध्यावर टेकवलेला असतो आणि त्याची दोन टोकं दोन एक्सलवर. त्याला आम्ही बोगी म्हणतो. खाणीच्या रस्त्यावर टिपर चालताना कधी बाजूने वाकून बघा. चाकं एकाआड एक वर-खाली होत असतात, हौदा मात्र त्या मानाने बराच शांत असतो.

यात एक खोच आहे. दांडी मागे आहे, माणूस पुढे. पुढे तोच एकटा एक्सल आणि त्यावर तीच सीट. मागचे दणके निम्मे झाल्यामुळे डोकं पुढे-मागे फेकलं जाणं कमी होतं, हे खरं. पण पुढच्या चाकाचा खड्डा जसाच्या तसा पायातून वर येतो. बारा टायरच्या गाडीला पुढेही दोन एक्सल असतात, दोन्ही वळणारे. तिथे पहिलं चाक खड्ड्यात उतरलं तरी दुसरं वजन धरून ठेवतं, नाक एकदम खाली जात नाही. आमच्या बारा टायरवरच्या ड्रायव्हरांना सहा टायरवर पाठवायचं म्हटलं की त्यांची तोंडं उतरतात. पगार तोच, रस्ता तोच, तरी. मला पूर्वी वाटायचं की मोठी गाडी चालवण्याची ऐट असेल. तसं नव्हतं.

आता तो प्रसंग सांगतो.

आमच्या एका सहा टायर गाडीची तक्रार होती की भरली की मागे बसते, टायर वरच्या फळीला लागतात. मॅनेजरचा फोन आला: पाटे वाढवा आणि गाडी सोडा. मीच जॉब कार्डवर लिहिलं, मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवणे. मिस्त्रींनी संध्याकाळपर्यंत काम उरकलं. गाडी उंच झाली, टायर घासायचे थांबले, सगळे खूश. पंधरा दिवसांनी त्या गाडीवरचे काका वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिले. पन्नाशी ओलांडलेले, साताऱ्याकडचे, कमी बोलणारे. म्हणाले, "साहेब, एक दिवस माझ्याबरोबर गाडीवर या. जाताना नको, येताना या."

मी भिवंडीला दुसऱ्या गाडीने गेलो. गोदामात काकांची गाडी खाली होत होती. दुपारी तीनला फाळका लावला, ताडपत्री गुंडाळून हौद्यात टाकली आणि आम्ही निघालो. मुंब्रा बायपास, शिळफाटा आणि पुढे कळंबोली. सगळं मिळून तासा-दीड तासाचा रस्ता, ट्रॅफिक लागलं तर अडीच.

पहिल्या दहा मिनिटांतच मला बोलता येईना. शब्द तुटत होते. दात आपटू नयेत म्हणून मी जबडा आवळून धरला होता. इंजिनच्या कव्हरवर काकांची पाण्याची बाटली आडवी ठेवली होती. ती गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेली होती, तरी एका जागी राहत नव्हती. मागे रिकामा हौदा पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता, साखळ्यांचा खळखळाट वेगळाच. पण माझं लक्ष काकांकडे गेलं. पुढे पुलाचा सांधा दिसला की ते आधीच पाठ सीटपासून सोडवून घ्यायचे. दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून, डावा पाय क्लचशेजारी रोवून, बैठकीवरून इंचभर उठायचे. दणका पायांवर आणि दंडांवर घ्यायचे आणि परत बसायचे. हे ते न बघता, न विचार करता करत होते. मी मोजायला लागलो. शिळफाट्यापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. सुमारे शंभर-सव्वाशे उठाबशा झाल्या असतील. शर्टच्या खाली, कमरेला, काहीतरी जाडसर बांधलेलं दिसत होतं. मी विचारलं नाही. मला माहीत होतं ते काय आहे.

त्या रात्री घरी येऊन मी वहीत आकडे मांडले. कॉलेजात शिकलेलं सूत्र आहे: स्प्रिंगवर ठेवलेलं वजन किती वेगाने हलतं हे स्प्रिंगचा कडकपणा भागिले वजन, याच्या वर्गमुळावर ठरतं. पाटा तोच राहिला आणि वरचं वजन चौथाई झालं, तर हलण्याचा वेग दुप्पट होतो. सहा टायरच्या गाडीच्या मागच्या पाट्यांवर भरलेली असताना दहाएक टन असतात. रिकामी झाली की त्याच्या चौथाईच्या आसपास. म्हणजे भरून जाताना मागची बाजू सेकंदाला साधारण दोनदा हलते, ते झोके म्हणता येतील असे. रिकामी येताना सेकंदाला चारदा. आणि मी त्यात दोन पाटे वाढवून ठेवले होते, म्हणजे चाराच्याही वर.

आता माणसाच्या शरीराचं बघा. बसलेल्या माणसाला खालून वर येणारे कंप सगळ्यात जास्त बाधतात ते सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यात. अंगाला बसणाऱ्या कंपनांची मोजणी कशी करायची याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २६३१. त्याच्या १९९७ च्या आवृत्तीत याच पट्ट्याला सर्वांत जास्त महत्त्व दिलं आहे. कारण साधं आहे. पाठीचा कणा आणि त्याला टांगलेलं धड हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, आणि तिची स्वतःची लय सेकंदाला पाचच्या आसपास येते. बाहेरचा धक्का त्याच लयीत आला की झोपाळ्याला बरोबर वेळेवर हात मारल्यासारखं होतं. सीट जेवढी हलते त्याहून जास्त कणा हलतो.

भरून जाताना नाही लागत, येताना लागतो. अण्णांनी वर्गमुळं काढली नव्हती. त्यांना ते अंगाने कळलं होतं.

मजा अशी की मराठीत बैलगाडीच्या एक्सललाही कणाच म्हणतात. आजोळी ऐकलेला शब्द आहे: गाडीचा कणा मोडला, कण्याला वंगण घाल. तिथे एकच कणा, दोन चाकं, पाटे नाहीतच. सगळी कला वजन लावण्यात. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला दोरी काचते. पुढे जास्त भरलं की खांद्यावर ओझं. आजोबा पोती लावून झाली की जुवाजवळ जाऊन एका हाताने ते उचलून बघायचे. थोडंसं जड लागलं पाहिजे, फार नाही. बैलाला त्रास होऊ नये म्हणून हे बघायचं, असं ते सांगायचे.

कळंबोली ते न्हावा शेवा रस्त्यावर हॉर्स धावताना दिसतात, म्हणजे ट्रेलर ओढणारी नुसती पुढची गाडी. ट्रेलरचं जड टोक हॉर्सच्या ज्या थाळीवर टेकतं, ती थाळी मागच्या एक्सलच्या थोडी पुढे बसवलेली असते. आजोबांचा जुवाचा हिशोब तिथे जसाच्या तसा लागू पडतो: थाळी पुढे असल्यामुळे थोडं वजन पुढच्या एक्सलवर जातं, नाक जमिनीला धरून राहतं. ती एक्सलच्या मागे गेली तर गाडी उलाळ, स्टीअरिंग हलकं आणि धोकादायक. ट्रेलरचं आणखी एक दुखणं आहे. रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्याला ट्रेलर मागून ढकलतो आणि ओढतो, आणि ते धक्के ड्रायव्हरच्या पाठीत आडवे बसतात. पण ट्रेलर सोडून नुसता हॉर्स चालवणं याहून वाईट. दोन एक्सलमधलं अंतर कमी, त्यामुळे गाडी होडीसारखी डोलते. मागचे पाटे ट्रेलरचं वजन पेलायला बनवलेले आणि वर वजनच नाही. बंदराच्या रांगेतून निघून पार्किंगपर्यंत नुसता हॉर्स घेऊन जाणारा पोरगा खाली उतरतो तेव्हा आधी दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे वाकतो. कधी उभे राहून बघा, बरेच जण हेच करतात.

मुंबई-पुणे एक्सप्रेस-वे २००२ मध्ये पूर्ण झाला तेव्हा अण्णा फार खूश होते. घाटातली जुनी वळणं, खड्डे, सगळं मागे पडलं. महिन्याभराने म्हणाले, रस्ता चांगलाय, पण टकटक करतो. काँक्रीटच्या रस्त्याला तडे वाट्टेल तिथे जाऊ नयेत म्हणून साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा घेतात. गुणाकार करून बघा. ताशी ६० ला सेकंदात १६.७ मीटर, म्हणजे सेकंदाला ३.७ सांधे. ७० ला चाराच्या वर. पुन्हा तोच पट्टा, तीच कण्याची लय. दोन एक्सलमधलं अंतरही साडेचार मीटरच्या जवळ असेल तर पुढची-मागची चाकं एकदमच सांध्यावर येतात आणि गाडी सरळ वर-खाली होते. अंतर त्याच्या दीडपट, म्हणजे पावणेसात मीटर असेल, तर पुढचं चाक सांध्यावर असताना मागचं दोन सांध्यांच्या मधोमध. मग गाडी डोलते. सांधा घासून गुळगुळीत असेल तर यातलं काहीच जाणवत नाही. कडा खचलेली असेल तर सगळंच जाणवतं. त्यामुळे काही ड्रायव्हर वेग चार-पाच किलोमीटरने कमी-जास्त करत राहतात. मालकाला वाटतं डिझेल जाळतात. ते खरं तर टकटक चुकवत असतात.

त्याच रस्त्यावर शेजारच्या लेनमधून शिवनेरी जाते. तिच्या आत लोक मान टाकून झोपलेले असतात. एक्सलच्या वर पाट्यांच्या जागी हवेचे फुगे असतात, आणि वजन कमी-जास्त झालं की झडपेतून हवा आत-बाहेर होते. म्हणजे वजनाबरोबर स्प्रिंगचा कडकपणाही बदलतो, आणि बस भरलेली असो की रिकामी, तिची लय सेकंदाला एक ते दीडच्या आसपासच राहते. शरीराच्या नाजूक पट्ट्यापासून दूर. हे तंत्र नवं नाही, गूढ नाही. ट्रकला ते महाग पडतं, आणि जादा माल भरायची सवय त्याला मानवत नाही, एवढंच.

लिफ्ट एक्सल मात्र आमच्याकडच्या बऱ्याच गाड्यांना आला आहे आणि तो मला मनापासून आवडतो. गाडी रिकामी झाली की बटण दाबायचं, एक एक्सल चाकांसकट वर उचलला जातो. टायर वाचतात, डिझेल वाचतं, हे सगळे सांगतात. कमी सांगितली जाणारी गोष्ट ही की उरलेल्या एक्सलच्या पाट्यांवर वजन वाढतं, ते त्यांच्या कामाच्या वजनाच्या थोडं जवळ येतात आणि दणके कमी होतात. रिकाम्या गाडीवरच्या माणसाला एक्सलच्या रचनेतून इतका थेट दिलासा दुसऱ्या कशातून मिळताना मी पाहिलेला नाही. त्याचा गैरवापरही होतो. भरलेल्या गाडीचा एक्सल वर ठेवून पळवतात, टायर वाचावेत म्हणून. मग राहिलेल्या एक्सलवर वाढीव वजन पडतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून निघालं की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. एक्सलवर २० टक्के जास्त, तर नुकसान जवळजवळ दुप्पट. ते खड्डे मग पाठीतून वसूल होतात, बहुधा त्याच माणसाच्या, कारण उद्याही त्याला त्याच रस्त्याने जायचं असतं.

युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांना बसणाऱ्या कंपनांसाठी आकडे ठरवले. आठ तासांच्या दिवसाला ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडलं की मालकाने उपाय करायला हवा, १.१५ च्या पुढे कामच करू द्यायचं नाही. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. मला त्याचा आनंद आहे. मे महिन्यात पनवेलच्या पुढे इंजिनशेजारी बसून बघा म्हणजे कळेल का. पण सीटखालच्या हलण्याचा असाच एक आकडा, असाच एक नियम, मला माझ्या नोकरीच्या काळात बघायचा आहे. मी आमच्या मॅनेजरना सीटचा विषय आता दर महिन्याच्या बैठकीत काढतो.

काकांच्या गाडीचे वाढवलेले पाटे मी काढायला लावले. त्याच्या जागी हेल्पर बसवला, म्हणजे मुख्य गठ्ठ्याच्या वर मोकळा राहणारा छोटा गठ्ठा, जो गाडी भरून खाली बसली तरच टेकतो. रिकामी असताना त्याचा संबंधच येत नाही. मेन पाटाही बदलला. गाडी मागे बसत होती त्याचं खरं कारण तो मेलेला पाटा होता, आणि ते मी आधीच खाली वाकून बघायला हवं होतं. खर्च लागला. मॅनेजरना मागच्या टायरची झीज दाखवली, रिकाम्या गाडीचा टायर उड्या मारून ठिकठिकाणी कसा खाल्ला जातो ते दाखवलं, तेव्हा सही मिळाली.

गेल्या पावसाळ्याआधी अण्णांना वर्कशॉपला घेऊन गेलो. कमरेतली चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलेली, त्यामुळे रिक्षातून उतरायलाच वेळ लागतो. काकांची गाडी सर्व्हिसिंगला लागली होती. अण्णा काठी टेकवत मागच्या चाकाजवळ गेले, हळूहळू खाली बसले आणि पाट्यांच्या कडेवरून अंगठा फिरवला. मला जवळ बोलावलं. वरच्या तीन पाट्यांच्या टोकांशी, जिथे एक पाटा दुसऱ्यावर सरकतो, तिथे लोखंड आरशासारखं चमकत होतं. खालच्या दोघांच्या फटीत तांबूस भुकटी साचलेली होती.

"हे सरकतायत," वरच्यांवर बोट ठेवून म्हणाले. "हे दोन जखडलेत. खाऱ्या हवेने. गोदीतल्या गाड्यांचं असंच व्हायचं. जखडला की पाटा पाटा राहत नाही, कांब होते."

ते बरोबर होतं. पाटे एकमेकांवर सरकले तरच छोटे दणके गिळतात. गंजून चिकटले की छोट्या दणक्यांपुरता सगळा गठ्ठा एकच जाड लोखंड होतो आणि मग काम करायला उरतो फक्त टायर. मी पोराला ग्रीस गन आणायला सांगितली. अण्णांनी मान हलवली. काळं ऑइल आण म्हणाले, इंजिनातून काढलेलं, आणि एक जुना ब्रश. पोराने डबा आणला. गाडी जॅकवर घेतली, पाट्यांवरचं वजन उतरलं तशी फट थोडी उघडली, आणि अण्णांनी ब्रश ऑइलमध्ये बुडवून त्या फटीत खालपासून वर, एकेक पाटा, हळूच ओढायला सुरुवात केली. काका चहाचे ग्लास घेऊन आले आणि त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. कोणत्या साली कोणती गाडी होती, घाटात कुठे पाटा तुटला होता, असं त्यांचं बोलणं सुरू झालं. मी दोन्ही बाजू होईपर्यंत बॅटरी धरून उभा होतो.